हात बसणे म्हणजे काय? : पॅट्रिशिया बेनर यांच्या परिचर्या-शिक्षणविचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

रात्रपाळीची परिचारिका कक्षात फेरी मारीत असते. एका रुग्णाच्या खाटेशी ती थबकते. नाडी, रक्तदाब, तापमान यांच्या तक्त्यावरील नोंदी ठीक आहेत. तासाभरापूर्वी त्या तिनेच केलेल्या आहेत. तरीही ती रुग्णाकडे पुन्हा निरखून पाहते आणि निवासी डॉक्टरांना बोलावणे पाठविते. नेमके काय बिघडले आहे, असे विचारले तर ‘बरे दिसत नाही’ यापलीकडे तिला फारसे काही सांगता येत नाही. रुग्णालयाशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. आपल्या बोलीत अशा व्यक्तीविषयी ‘नजर तयार झालेली आहे’ किंवा ‘हात बसलेला आहे’ असे म्हटले जाते. मात्र नजर तयार होते म्हणजे नेमके काय होते, ती तयार करण्यात महाविद्यालयाचा वाटा किती आणि कक्षाचा किती, तसेच अशा नजरेला ‘ज्ञान’ म्हणावे की नुसती सवय, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

अमेरिकेतील परिचर्या-शिक्षणतज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी आपल्या कारकिर्दीची चार दशके या प्रश्नांना दिली. परिचर्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांना त्यांचे नाव परिचित आहे. परंतु ते बहुधा पाठ्यपुस्तकातील ‘पाच पायऱ्या’ या एका परिच्छेदापुरतेच. इतर विद्याशाखांतील अध्यापकांना तर ते माहीत असण्याचे कारणही नाही. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र शिक्षणशास्त्राचे आहे. अध्यापक-शिक्षणात ज्या अडचणींशी आपण वर्षानुवर्षे झगडत आहोत, त्यांच्याशी बेनर यांनी अधिक धिटाईने झुंज घेतली आहे असे वाटल्यावरून हा चिकित्सेचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या विचाराचे मोल मान्य करूनही त्यातील काही भाग डळमळीत आहे, आणि त्याची जी लोकप्रियता झाली ती बहुतांशी त्याच्या विपर्यासावर उभी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कारकीर्द

बेनर यांचा जन्म १९४२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथे झाला. वाढल्या त्या कॅलिफोर्नियात. १९६४ मध्ये पॅसाडेना कॉलेजमधून परिचर्येची पदवी आणि १९७० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतून पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली. पुढे बर्कली येथे ताण आणि त्याला सामोरे जाण्याच्या रीती या विषयाचे नामवंत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस यांच्यासमवेत काम करून १९८२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. या प्रबंधाचा विषय रुग्णालय नव्हता. मध्यमवयीन पुरुषांना आपल्या नोकरीत कोणता अर्थ दिसतो, हा होता. हा तपशील येथे मुद्दाम नोंदविण्याचे कारण असे की, माणूस आपल्या कामाला कोणता अर्थ देतो यावर त्याच्या कामाचा दर्जा अवलंबून असतो, ही त्यांची पुढील भूमिका परिचर्येच्या बाहेरच आकाराला आली होती.

बर्कली येथेच त्यांना दुसरे गुरू लाभले. तत्त्वज्ञ ह्यूबर्ट ड्रायफस यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात, संगणकाला काय जमणार नाही याची चर्चा करताना, मानवी कौशल्य म्हणजे नियमांची साखळी नव्हे असा पक्ष मांडला होता. हायडेगर आणि मेर्लो-पाँटी यांच्या विचारांचा त्याला आधार होता. त्यांचे बंधू स्टुअर्ट हे गणिताचे अभ्यासक. या दोघांनी १९८० मध्ये अमेरिकन वायुदलासाठी केलेल्या एका अहवालात कौशल्यसंपादनाचा पाच पायऱ्यांचा आराखडा मांडला. त्यातील उदाहरणे वैमानिकांची आणि बुद्धिबळपटूंची होती. बेनर यांनी हा आराखडा उचलला आणि रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवला. सॅन फ्रान्सिस्को येथे प्राध्यापक म्हणून त्यांनी केलेले पुढील सर्व कार्य या एका कृतीचा विस्तार आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९८४ चा ग्रंथ

‘फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट’ या शीर्षकाचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये आला आणि त्याच नावाचा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथामागे शासकीय अर्थसाहाय्यावर चाललेला एक प्रकल्प होता. नुकत्याच पदवी घेतलेल्या परिचारिका आणि त्यांना कक्षात शिकविणाऱ्या अनुभवी परिचारिका अशा २१ जोड्यांच्या मुलाखती त्यात घेतल्या गेल्या. एकच प्रसंग दोघींना कसा दिसला, हे स्वतंत्रपणे विचारण्यात आले. याखेरीज ५१ अनुभवी परिचारिका, ११ नव्या पदवीधर आणि ५ अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनी यांच्या मुलाखती व निरीक्षणे झाली. या सामग्रीतून ३१ क्षमता आणि त्यांची ७ क्षेत्रे बेनर यांनी निश्चित केली.

पहिल्या पायरीवरील नवख्या विद्यार्थिनीला परिस्थितीचा अनुभव नसतो. म्हणून तिला संदर्भमुक्त नियम द्यावे लागतात. रक्तदाब अमुक आकड्याखाली गेला तर कळवावे, दिलेले द्रव आणि बाहेर पडलेले द्रव यांचा हिशेब ठेवावा, इत्यादी. नियम पाळता येतात, पण कोणत्या वेळी कोणता नियम महत्त्वाचा हे नियम सांगत नाही. दुसऱ्या पायरीवर काही प्रसंग हाताखालून गेल्यामुळे परिस्थितीतील वारंवार येणारी लक्षणे ओळखू येऊ लागतात. नवी पदवीधर सामान्यतः येथे असते. सारख्याच प्रकारच्या कामावर दोन-तीन वर्षे काढल्यानंतर तिसरी, सक्षमतेची पायरी येते. या पायरीवरील परिचारिका नियोजन करते, प्राधान्य ठरविते, आणि निवड स्वतःची असल्यामुळे परिणामांची जबाबदारीही तिला बोचू लागते. चौथ्या, निपुणतेच्या पायरीवर परिस्थिती तुकड्यांनी न दिसता समग्र दिसते. अपेक्षित चित्रापासून झालेली फारकत आधी जाणवते आणि तिची कारणे मागाहून सापडतात. पाचव्या पायरीवरील तज्ज्ञ परिचारिका नियमाचा आधार न घेता थेट मर्मावर बोट ठेवते. विश्लेषणाची साधने तिने टाकून दिलेली नसतात; अनोळखी परिस्थितीत किंवा पहिली समजूत चुकली असे दिसल्यावर ती त्यांच्याकडे वळते, हे बेनर यांनी स्पष्ट केले आहे. टीकाकारांनी या स्पष्टीकरणाकडे अनेकदा दुर्लक्ष केले आहे.

येथे एक बाब बारकाईने पाहिली पाहिजे. ‘पायरी’ हा शब्द व्यक्तीला चिकटविण्याचा नाही, तो कामगिरीला लावण्याचा आहे. हृदयविकार कक्षातील तज्ज्ञ परिचारिका उद्या नवजात अर्भकांच्या कक्षात गेली तर तेथे ती बऱ्याच अंशी पुन्हा नवखी ठरते. तज्ज्ञता ही विशिष्ट प्रकारच्या रुग्णांच्या सहवासात उगवते आणि तेथेच राहते.

या ग्रंथाचे खरे सामर्थ्य मात्र पायऱ्यांत नाही, ते त्यातील परिचारिकांच्या निवेदनांत आहे. त्या काळापर्यंत परिचर्येचे ज्ञान म्हणजे वैद्यकाने ठरवून दिलेल्या गोष्टींची अंमलबजावणी, आणि परिचर्येचे सिद्धान्त म्हणजे विद्यापीठात बसून केलेल्या चौकटी, अशी विभागणी रूढ होती. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी केलेला ‘अमुक आहे हे माहीत असणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे माहीत असणे’ यांतील भेद बेनर यांनी हाताशी धरला. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान पहिल्याच्या पुढे धावू शकते, एवढेच नव्हे तर ते नोंदविले गेले नाही तर व्यवसाय आपल्याच ज्ञानाला मुकतो, असा युक्तिवाद त्यांनी केला. खाटेपाशी उभ्या असलेल्या बाईला बोलते करून तिचे बोलणे विद्वत्तेचा पुरावा म्हणून छापणे, ही १९८४ मध्ये लहान गोष्ट नव्हती.

आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

या ग्रंथावरील गंभीर टीका प्रामुख्याने १९९० नंतर ब्रिटनमधून झाली. १९९३ मध्ये इंग्लिश यांनी ‘अंतःप्रज्ञा’ या संकल्पनेवरच बोट ठेवले. तज्ज्ञतेची व्याख्या अंतःप्रज्ञेने करावयाची आणि अंतःप्रज्ञा फक्त तज्ज्ञालाच असते असे म्हणावयाचे, तर तज्ज्ञ नसलेल्याला ती तपासता येणार कशी, असा त्यांचा रोख होता. १९९५ मध्ये कॅश यांनी दुसरा मुद्दा उपस्थित केला : तज्ज्ञ कोण हे ठरविते कोण? वरिष्ठ आणि सहकारी ज्यांना तज्ज्ञ म्हणतात त्या परिचारिका निवडल्या गेल्या, आणि मग त्यांच्या वागण्यावरून तज्ज्ञतेचे स्वरूप ठरविले गेले. संस्थेतील परंपरा आणि अधिकार यांना येथे ज्ञानाचे रूप मिळते, असे त्यांचे म्हणणे. बेनर यांनी १९९६ मध्ये कॅश यांना उत्तर दिले, आणि त्याच वर्षी पेली यांनी या वादाच्या तार्किक बाजूंची छाननी केली. २००८ मध्ये गोबे आणि शॅसी यांनी मानसशास्त्राच्या अंगाने हल्ला चढविला. फर्नांड गोबे हे स्वतः उत्तम बुद्धिबळपटू असल्यामुळे ड्रायफस बंधूंच्या बुद्धिबळाच्या उदाहरणांना ते सहजी भुलणारे नव्हते.

ग्रंथातील ज्या एका उताऱ्याभोवती हा वाद फिरतो तो पंधरा वर्षे मनोरुग्णांसमवेत काम केलेल्या एका परिचारिकेचा आहे. रुग्णाविषयीचा आपला निर्णय डॉक्टरांपुढे सप्रमाण मांडता येतोच असे नाही, पण आपण कधीही चुकत नाही, अशा अर्थाचे तिचे विधान बेनर यांनी तज्ज्ञतेचा नमुना म्हणून दिले आहे. टीकाकारांची बाजू येथे निर्विवादपणे बळकट आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कधीही न चुकणाऱ्या निर्णयाचा दावा कोणत्याही विद्याशाखेत संशयाने पाहिला जातो. परिचर्येत तो पाहू नये असे कोणतेही कारण नाही. माणसाला आपले बरोबर ठरलेले अंदाज आठवतात आणि चुकलेले विसरतात, हे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. बेनर यांनी आपण उत्तम कामगिरीचेच वर्णन करीत आहोत असे आधीच सांगून ठेवले असले, तरी त्यामुळे चुकलेल्या अंतःप्रज्ञेचा अभ्यास करण्याची गरज संपत नाही. दुसरे असे की, एकाच परिचारिकेचा पहिल्या पायरीपासून पाचव्या पायरीपर्यंत पाठपुरावा या अभ्यासात झालेला नाही. वेगवेगळ्या व्यक्तींचे एका वेळचे दर्शन घेऊन त्यावरून एका व्यक्तीच्या वाढीचा क्रम अनुमानित केला आहे. पायऱ्या पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, याचे उत्तर ग्रंथात नाही, कारण त्या खाटेपाशी सापडलेल्या नसून वैमानिकांकडून आलेल्या आहेत.

तथापि टीकाकारांच्या एका गृहीताशी सहमत होता येत नाही. ज्याचे समर्थन शब्दांत देता येत नाही ते ज्ञान नव्हे, हे ते गृहीत होय. बुद्धिबळाविषयी चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले होते की, मातब्बर खेळाडूला पटावरील खऱ्या डावाची मांडणी काही सेकंदांत ध्यानात ठेवता येते. तीच मोहरी अस्ताव्यस्त मांडली की त्याचा हा फायदा जवळपास नाहीसा होतो. म्हणजे त्याची नजर गूढ नाही. हजारो परिचित आकृत्यांच्या साठ्यातून होणारी ती ओळख आहे. सायमन यांच्या मते अंतःप्रज्ञा म्हणजे ओळखच. डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी परंपरांतील दोघा संशोधकांनी २००९ मध्ये एकत्र बसून काढलेला निर्वाळाही येथे उपयोगी आहे. अशी ओळख विश्वासार्ह ठरण्यासाठी दोन अटी लागतात : परिस्थितीत पुरेशी नियमितता असावी, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे कळण्याची संधी माणसाला दीर्घकाळ मिळत राहावी. अंदाजावरचा विश्वास कितीही दांडगा असला तरी त्यावरून अंदाजाचा खरेपणा ठरत नाही.

या दोन अटी लावून पाहिल्या की बेनर यांचा ग्रंथ नव्या उजेडात दिसतो. अतिदक्षता कक्षात परिचारिकेला आपल्या अंदाजाचा निकाल काही तासांत मिळतो, म्हणून तेथील नजर भरवशाची असण्याचा संभव अधिक. जेथे रुग्ण घरी गेल्यावर पुढे काय झाले हे कधीच कळत नाही, तेथे अनुभवाची वर्षे वाढूनही नजर तयार होईलच असे नाही. बेनर यांनी सर्व क्षेत्रांतील अनुभवाला एकाच मापाने मोजले, ही त्यांच्या सिद्धान्तातील खरी त्रुटी होय.

याच संदर्भात क्रँडल आणि गेचेल-रायटर यांचा १९९३ चा अभ्यास मोलाचा आहे. नवजात अतिदक्षता कक्षातील परिचारिकांना रक्तातील जंतुसंसर्गाची चाहूल कशी लागते, हा त्यांचा विषय. परिचारिका आरंभी अनुभव आणि अंतःप्रज्ञा यांकडेच बोट दाखवीत. प्रत्यक्ष घडलेल्या एकेका प्रसंगाचा क्रमाने मागोवा घेत प्रश्न विचारल्यावर मात्र त्यांच्याकडून स्पष्ट लक्षणांची यादी मिळाली. त्यांतील काही लक्षणे तत्कालीन वैद्यकीय साहित्यात नव्हती, तर काही प्रौढ रुग्णांतील लक्षणांच्या अगदी उलट होती. ‘बरे दिसत नाही’ या वाक्याच्या पोटात शास्त्र दडलेले होते आणि ते बाहेर काढता आले. जे सांगता येत नाही ते सांगता येण्याजोगेच नसते असे मानणारे बेनर यांचे काही अनुयायी, आणि ते ज्ञानच नव्हे असे मानणारे त्यांचे टीकाकार, या दोघांनाही हा अभ्यास अडचणीत टाकतो.

वर्षे आणि अनुभव

बेनर यांनी या टीकेनंतर आपले काम थांबविले नाही. १९८९ मध्ये ज्युडिथ रूबेल यांच्यासह त्यांनी ‘द प्रायमसी ऑफ केअरिंग’ हा ग्रंथ लिहिला. आस्था असेल तरच माणसाला काय महत्त्वाचे हे दिसते, म्हणजे आस्था ही ज्ञानाच्या आधीची अट आहे, हा त्यातील गाभ्याचा विचार होय. ग्रंथाची भाषा हायडेगरच्या छायेत वावरणारी आणि काहीशी दमविणारी आहे. १९९६ मध्ये क्रिस्टीन टॅनर आणि कॅथरीन चेस्ला यांच्यासह आलेला ‘एक्स्पर्टीज इन नर्सिंग प्रॅक्टिस’ हा ग्रंथ अधिक ठोस आहे. त्यासाठी १३० परिचारिकांचा अभ्यास झाला. त्यांतील बहुसंख्य अतिदक्षता कक्षातील होत्या.

या दुसऱ्या ग्रंथात जेन रुबिन यांचे एक प्रकरण आहे. ते फारसे उद्धृत होत नाही, पण प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या बेनर-परंपरेतील ते सर्वांत महत्त्वाचे पान आहे. पुरेशी वर्षे काम करूनही ज्यांना सहकारी तज्ज्ञ मानीत नाहीत अशा परिचारिकांच्या मुलाखती रुबिन यांनी तपासल्या. या परिचारिका आळशी किंवा अज्ञानी होत्या असे नाही. परंतु त्यांच्या निवेदनांत विशिष्ट रुग्ण उभा राहत नव्हता. एका रुग्णाची स्थिती दुसऱ्यापेक्षा कशी निराळी होती हे त्यांना सांगता येत नव्हते. आपण घेतलेला निर्णय हा निर्णय होता, हेही त्यांना जाणवलेले दिसत नव्हते. नियम आणि आदेश यांच्या आड त्या उभ्या होत्या. केवळ वर्षे मोजून अनुभव मोजता येत नाही, हे १९८४ च्या ग्रंथात सूचित होते; येथे ते पुराव्यासह आले. आणखी एक गोष्ट त्यातून पुढे आली. कौशल्य खुंटणे आणि नैतिक संवेदना बोथट होणे या दोन वेगळ्या घटना नाहीत. ज्याला रुग्ण वेगळा दिसत नाही त्याला त्याच्याविषयीची जबाबदारीही वेगळी दिसत नाही.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. बी.एड. अभ्यासक्रमात सूक्ष्म अध्यापनाच्या नावाखाली प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखनाचे कौशल्य, प्रबलनाचे कौशल्य असे अध्यापनाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा पाच-सहा मिनिटांचा सराव विद्यार्थी-शिक्षकाकडून करवून घेतला जातो. निरीक्षण-तक्त्यावर खुणा करीत प्रस्तुत लेखकाने असे शेकडो पाठ पाहिले आहेत. सर्व खुणा भरल्या गेल्या, पण मागच्या बाकावरील मुलाला काहीच कळलेले नाही हे शिक्षकाच्या ध्यानातही आले नाही, असे पाठ त्यांत कमी नव्हते. त्यांना गुण मात्र चांगले पडले, आणि ते देणारा हात याच लेखकाचा होता. बेनर यांच्या दृष्टीने हा नवख्याच्या पायरीवरचा सराव आहे. तो निरुपयोगी नाही. आपण मात्र त्याच तक्त्याने तज्ज्ञतेचेही मोजमाप करू पाहतो.

कार्नेगी अहवाल

कार्नेगी फाउंडेशनने विविध व्यवसायांच्या शिक्षणाचा तौलनिक अभ्यास हाती घेतला होता. कायदा, धर्मोपदेश, अभियांत्रिकी, वैद्यक आणि परिचर्या या पाच क्षेत्रांत तो झाला. परिचर्येच्या अभ्यासाचे नेतृत्व बेनर यांच्याकडे होते. मॉली सटफेन, व्हिक्टोरिया लिओनार्ड आणि लिसा डे यांच्यासह लिहिलेला ‘एज्युकेटिंग नर्सेस : अ कॉल फॉर रॅडिकल ट्रान्स्फॉर्मेशन’ हा ग्रंथ २०१० चा. नऊ परिचर्या-विद्यालयांना भेटी देऊन तेथील अध्यापन त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

व्यवसायशिक्षणात तीन प्रकारची उमेदवारी असते, ही या मालिकेची समान चौकट : ज्ञानाची, कौशल्याची आणि नैतिक घडणीची. परिचर्या-विद्यालयांविषयीचा निष्कर्ष अनपेक्षित होता. रुग्णालयातील शिक्षण आणि नैतिक घडण या दोन्ही बाबतींत ही विद्यालये भक्कम आढळली. दुबळे आढळले ते वर्गातील अध्यापन. कक्षात एका रुग्णाभोवती प्रश्नांची गुंफण करून उत्तम शिकविणारी अध्यापिकाच वर्गात आली की पडद्यावरील सरकत्या पानांवर लक्षणांची वर्गवारी वाचून दाखविते, असे चित्र अभ्यासकांना दिसले. विद्यार्थिनीला पाचशे गोष्टी सांगितल्या जातात, पण आत्ता या रुग्णापाशी त्यांतील कोणती महत्त्वाची, हे कोणी शिकवीत नाही. म्हणून वर्ग आणि कक्ष यांतील भिंत पाडावी, एका रुग्णाची कहाणी टप्प्याटप्प्याने उलगडत नेऊन तिच्या निमित्ताने शरीरशास्त्र, औषधशास्त्र आणि नीती एकत्र शिकवावी, असा ग्रंथाचा आग्रह आहे. ‘चिकित्सक विचार’ या सर्वत्र मिरविल्या जाणाऱ्या ध्येयावरही तो टीका करतो. संशय घेणे ही विचाराची एक रीत झाली. रुग्ण कोसळत असताना जी लागते ती निराळी, काळाच्या ओघात बदलणाऱ्या स्थितीबरोबर चालणारी तर्करीत. आपल्याकडील प्रत्येक अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत ‘चिकित्सक विचार’ हे शब्द टाकणाऱ्या अभ्यासमंडळांनी हा भाग वाचण्याजोगा आहे.

ग्रंथातील एक शिफारस मात्र उर्वरित विचाराशी पुरती जुळत नाही. व्यवसायात प्रवेशासाठी पदवी ही किमान अट असावी, असे लेखिका म्हणतात. व्यवसायाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ते योग्य असेल. परंतु ज्या लेखिकेने कक्षातील ज्ञान विद्यापीठाच्या ज्ञानापुढे धावू शकते असे सांगितले, तिने विद्यापीठात अधिक काळ घालविण्याची अट घालावी, यासाठी जो स्वतंत्र युक्तिवाद हवा होता तो पुरेसा आलेला नाही.

पायऱ्यांचे शिडीत रूपांतर

बेनर यांच्या विचाराचा सर्वाधिक प्रसार ज्या मार्गाने झाला तो त्यांच्या भूमिकेशी विसंगत आहे. अमेरिकन रुग्णालयांना अनुभवी परिचारिका टिकवून धरावयाच्या होत्या. खाटेपाशी राहूनही बढती आणि वेतनवाढ मिळावी यासाठी ‘क्लिनिकल लॅडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रेणी करण्यात आल्या, आणि त्यांना पाच पायऱ्यांचा आधार मिळाला. हेतू स्तुत्य होता. परंतु श्रेणी ठरवायची तर निकष हवेत, निकष हवेत तर यादी हवी, आणि यादी आली की प्रमाणपत्रांची संचिका आली. संदर्भाशिवाय कौशल्याला अर्थ नाही असे सांगणारा ग्रंथ संदर्भमुक्त तक्त्यांचा जनक ठरला. २०१० नंतर एपीआयच्या गुणांची बेरीज ज्यांनी केली आहे, त्या प्राध्यापकांना याहून अधिक स्पष्टीकरणाची आवश्यकता नाही.

आपल्याकडे परिस्थिती वेगळ्या कारणांनी बिकट आहे. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची चढण आहे. यांतील प्रत्येक बढती परिचारिकेला रुग्णापासून एक पाऊल दूर आणि नोंदवह्यांच्या एक पाऊल जवळ नेते. तज्ज्ञ म्हणून खाटेपाशी राहण्याची आणि त्यासाठी मान मिळण्याची वाट या रचनेत नाही. दुसरीकडे, मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे म्हणा किंवा सोयीसाठी म्हणा, परिचारिकांची एका कक्षातून दुसऱ्या कक्षात फिरवाफिरवी होत राहते. सर्व कामे सर्वांना यावीत, हा त्यामागील तर्क. सक्षमतेच्या पायरीसाठीच सारख्या रुग्णांसमवेत दोन-तीन वर्षे लागतात, हे बेनर यांचे निरीक्षण ढोबळमानाने जरी खरे मानले, तरी वर्षागणिक कक्ष बदलणारी परिचारिका वीस वर्षांनंतरही अनेक ठिकाणी दुसऱ्याच पायरीवर घुटमळत राहील. तिच्यात काही उणे आहे म्हणून नव्हे, तर तिची नजर तयार होण्याआधी तिच्यापुढचे दृश्य बदलले जाते म्हणून.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले तर पाठ्यनिर्देशिका आणि कक्षातील परिसेविका या दोघी बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या आस्थापनांच्या कर्मचारी असतात. विद्यार्थिनी एकीकडून पद्धत शिकते आणि दुसरीकडून ‘इथे असे करतात’ हे शिकते. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अध्यापन आणि रुग्णसेवा एकाच अध्यापिकेकडे ठेवण्याची परंपरा आहे. कार्नेगी अहवालाने जे २०१० मध्ये मागितले त्याचा भारतीय नमुना म्हणून तिचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. भारतीय परिचर्या परिषदेचा २०२१ चा सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित आहे. क्षमतांची यादी आली हे योग्यच. परंतु अशा यादीचे काय होते याचा अमेरिकेतील इतिहास वर आलाच आहे.

परिचर्येच्या विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकांच्या नोंदवहीत इतकी इंजेक्शने, इतक्या मलमपट्ट्या, इतकी प्रसूतिनिरीक्षणे, अशा रकाने भरलेल्या आकड्यांवर स्वाक्षऱ्या घ्याव्या लागतात. रुबिन यांनी विचारला तो प्रश्न, म्हणजे तुला आठवणारा एक रुग्ण सांग आणि तो शेजारच्या खाटेवरील रुग्णाहून कसा निराळा होता ते सांग, तोंडी परीक्षेत विचारण्यास फार तर पंधरा मिनिटे लागतील. त्याचे उत्तर ऐकून गुण देण्यासाठी मात्र परीक्षकाने स्वतः अलीकडे एखाद्या रुग्णापाशी रात्र काढलेली असावी लागेल, आणि परीक्षकांच्या नेमणुकीच्या नियमांत त्याविषयी काही म्हटलेले नसते.